काजळी पार्टी आणि दोन आंधळ्या तारा

रंगम्माक्का, बशीरमास्तर आणि जॉबर भागवतराव. ही तीन नावं आधी लिहून टाकते, म्हणजे पुढं माझं काही सांगायचं राहिलं तरी नावं राहणार नाहीत. त्यातही पहिलं रंगम्माक्काचं. मी आज जी आहे (म्हणजे फार काही नाही, जन्मभर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आता नाशकात लेकाकडं बसलेली, गुडघे धरलेली बाई) ती त्या विडी वळणाऱ्या बाईमुळं आहे. तिनं काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा दोन दिवस मी कागद पालथाच ठेवला. ट्रान्सफॉर्मरच्या आठवणी कोण वाचणार? शिवाय माझी शाळा सहावीत सुटलेली. लिहिताना अजून वाटतं, मागून कुणी येऊन ऱ्हस्वदीर्घावर बोट ठेवील. पण सांगायचं आहे, आणि आता फार वेळ घालवून चालणार नाही.

आमचं गाव सांगोल्याच्याही पलीकडं, माळावरचं. घरी मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात बाप आणि चुलते मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब निघून गेले, घर बघायला मी राहिले, आणि शाळा तिथंच थांबली. दोन वर्षांनी चुलत्यांनी माझ्यासाठी स्थळ काढलं. बायको वारलेला, तीन पोरांचा बाप, वयानं माझ्या बापाच्या जोडीचा. आईनं मला एसटीत बसवून सोलापूरला मावशीकडं धाडलं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "काम हाय तवर तितंच ऱ्हा. काम सुटलं की तुजा चुलता न्यायला यील. मग माजं काय चालायचं न्हाय, सुले."

हे वाक्य मी पुढं पाच-सहा वर्षं रोज कामावर जाताना ऐकत होते.

मावशी सोलापूरच्या पूर्व भागात राहायची. विणकरांची वस्ती, सगळीकडं तेलुगू बोलणं, आणि सकाळपासून यंत्रमागांचा खडखडाट. घरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. दोन गल्ल्या सोडून बशीरमास्तरांचं दुकान होतं. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, भोंगे यांची दुरुस्ती. त्यांना तार गुंडाळायला माणूस हवा होता. मी उंबऱ्याशी उभी राहिले. मास्तरांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, म्हणाले, "हाथ दिखा." बोटं उलटीसुलटी करून बघितली. "ये उंगली का घट्टा कायका?"

"लोकर काततो आमी. चातीवर."

"हौ? तो ताण मालूम है तेरे को. बैठ."

लोकर कातताना धागा ओढायचा, पण तुटू द्यायचा नाही. तांब्याच्या तारेचंही तेच. एवढ्या एका गोष्टीवर मला शहरात काम मिळालं.

बाहेरच्यांना सांगते, ट्रान्सफॉर्मर म्हणजे खांबावरचा मोठा नव्हे. रेडिओच्या पोटात असतो तो, मुठीएवढा. पुठ्ठ्याच्या रिळावर केसासारखी बारीक तार गुंडाळायची, दर थराला कागद घालायचा. दोन गुंडाळ्या असतात. एकीत घरातली वीज शिरते, दुसरीतून आपल्याला हवी तेवढी निघते. किती निघणार ते वेढ्यांवर अवलंबून. म्हणून हे सगळं काम मोजण्याचं. हाताच्या मशीनला आकड्यांचं काउंटर होतं, पण ते म्हातारं, मधेच एखादा वेढा गिळून टाकायचं. म्हणून मनातही मोजायचं. मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. मावशी एकदा डबा घेऊन आली आणि पाच मिनिटं हाका मारून चिडून गेली. संध्याकाळी म्हणाली, "त्या मास्तरानं तुला मुकी केली काय गं?"

मास्तरांचा नियम एकच. "तार टूटी, बोल. गिनती चुकी, बोल. कुछ नै बोलता मैं. पन झूठ बोली तो उसीच दिन घर." माझ्या आधीच्या माणसानं वेढे कमी घालून पूर्ण सांगितले होते. कुणाचा तरी रेडिओ जळाला. त्याला मास्तरांनी चहा पाजला, हात जोडले आणि त्याच दिवशी कामावरून काढलं. चहाचं मला फार भय वाटायचं. मास्तर कधी अवेळी "चाय पी" म्हणाले की मी आधी झालेले वेढे परत मोजायची.

आता पार्टीचं सांगते.

दुरुस्तीला आलेला रेडिओ तपासताना मास्तर काटा फिरवत. दोन स्टेशनांच्या मधे जी शिट्टी, जे हुंदके, जी घरघर येते, तिथं ते थांबत आणि डोळे मिटून ऐकत. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, स्टेशन लावा की." मास्तर म्हणत, "स्टेशन तो सब सुनते. बीच का कौन सुनता?" तसले आवाज आपल्याला हवे तेव्हा, हव्या त्या सुरात काढता यावेत म्हणून त्यांनी एक पेटी बांधायला घेतली. टेस्टरमध्ये असतो तो इवलासा लाल दिवा बघितला असेल. त्याला विशिष्ट तऱ्हेनं वीज दिली की तो भराभर लुकलुकतो, आणि ते लुकलुकणं भोंग्याला जोडलं की सूर निघतो. पंचवीस पट्ट्या, पंचवीस दिवे. पट्ट्या मागाच्या तुटक्या धोट्यांच्या लाकडाच्या. पट्टी दाबली की तिचा दिवा लाल होई आणि भोंग्यातून असा सूर येई की वाटावं, भिंतीच्या आत कुणीतरी रडतंय. पेटीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर माझा.

दुकानात जागा नव्हती. भागवतराव दुकानात नेहमी येत. ते मूळचे वैरागचे. जवळच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडले की नीट करणारे. त्यांच्या शेडखाली सूत ठेवायचं तळघर होतं. गारव्यात सूत तुटत नाही म्हणून बांधलेलं. "या की तितं," भागवतराव म्हणाले. "वर माग चालू असल्यावर खाली तुमी हत्ती मारला तरी कुनाला कळायचं न्हाय." मालकाची परवानगी तेवढीच होती. माग चालू असतील तेव्हाच खाली वाजवायचं. मागांच्या सुट्टीला शेडला कुलूप. ही अट तेव्हा आम्हाला सोयीचीच वाटली.

भागवतराव स्वतःही पार्टीत शिरले. पत्र्याचा मोठा तुकडा, मागाची मोडकी चाकं, लोखंडी सळ्या टांगून ते ठोकत. ताल त्यांना शिकवावा लागला नाही, वर अठ्ठेचाळीस माग तो दिवसभर शिकवत होते. मागाची एक लांब स्प्रिंग मास्तरांनी भोंगा आणि माईकच्या मधे ताणून बसवली. तिच्यातून गेलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमे.

गाणारी मिळाली ती रंगम्माक्का. पस्तिशीची, विधवा. दिवसभर सुपात पानं घेऊन विड्या वळायची आणि दुपारी कारखान्यात देऊन परत जाताना दुकानावरून जायची. एकदा तिचा ट्रान्झिस्टर दुरुस्तीला होता. बाकावर बसल्या बसल्या ती गुणगुणत होती. इतका खालचा आवाज बाईचा मी ऐकलाच नव्हता. मास्तरांच्या हातातली डाग द्यायची तापती सळई तशीच थांबली.

"क्या गाना है ये?"

"गाणं कसलं, मास्तर? कुणी गेलं की आमच्यात बायका बसून म्हणतात. सासूनं शिकवलं."

"ये सबके सामने गाएंगी?"

अक्का मोठ्यानं हसली. "लोक म्हणतील, ही बाई कुणाच्या मरणाची वाट बघते!"

पण दुसऱ्या दिवशी ती तळघरात आली. पेटीनं आधी वीज खावी म्हणून मास्तर तिथला बल्ब बंद ठेवत. एका चिमणीच्या उजेडात आम्ही चौघं बसायचो. नाव काय द्यायचं असं भागवतरावांनी विचारलं, तेव्हा अक्का चिमणीची काच पुसत होती. तिनं काळं झालेलं बोट वर केलं. काजळी पार्टी, ठरलं.

माझं काम वीज सांभाळण्याचं. पेटीमागं बसून मीटरवर डोळा ठेवायचा. वर सगळे माग चालू असले की वीज दबलेली असे, दोनशे तीसच्या जागी एकशे नव्वद. त्या दबलेल्या विजेवरच मास्तरांनी पंचवीसही सूर लावले होते. आणि ते अक्काच्या गळ्याला बेतून, अगदी खालचे. आमचं पहिलं गाणं पेटीच्या सगळ्यात खालच्या पट्टीवरून सुरू व्हायचं. त्याच्याखाली पट्टीच नव्हती. शब्द अक्काच्या तेलुगूवरून मी आणि तिनं मिळून मराठीत केले होते:

घरात चूल थंड झाली, दार उघडं राहू दे,
गेलेला परत आला तर सावली आत येऊ दे.

माझं नाव कुठं छापून आलं नाही, पण त्या दोन ओळी माझ्या आहेत. हे सांगायला आज लाज वाटत नाही.

पहिलं काम मिळालं गणपतीत. एका मंडळानं स्मशानाचा हलता देखावा केला होता. त्यांचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, "मास्तर, भूत वाटलं पाहिजे, पण देवाच्या मांडवातलं वाटलं पाहिजे." मास्तरांनी हे वाक्य वर्षभर सगळ्यांना ऐकवलं. देखाव्याला रांग लागली. पुढच्या वर्षी चार मंडळं. लोक भुतांचा ऑर्केस्ट्रा म्हणू लागले. त्या काळात ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी. दर कार्यक्रमाला फर्माइशीची चिठ्ठी यायची. मास्तर ती वाचत, घडी करून खिशात घालत आणि तेच आपलं चूल थंड झाली सुरू करत. कुणीतरी ओरडे, "ओ मास्तर, कोन मेलंय का?" अक्का माईकमध्ये म्हणे, "अजून नाही. बसा." लोक हसत, आणि मग दोन मिनिटांत सगळा मांडव गप्प होई. अंधारात ते पंचवीस लाल दिवे, आणि तो आवाज. मी मागं बसून मीटर बघायची सोडून काटा येणारी माझी कातडी चोळत बसायची.

करकंबच्या एका बागायतदारानं आम्हाला थेट लग्नालाच बोलावलं. त्यांनी पार्टी म्हटल्यावर ताशा-वाजंत्री समजून सांगावा धाडला होता. मांडवात पोचल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "आता आलाच हाय तर वाजवा, पन जरा हसतं वाजवा." अक्कानं लेकीची पाठवणी म्हणून सासूचंच एक गाणं गायलं. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्याला लावले आणि आम्हाला दुप्पट जेवू घातलं. पण तिथं वीज इतकी दबलेली की पेटीचे सगळे सूर घसरून खाली गेले. अक्का आणखी खाली उतरली, तिला उलट तेच आवडलं. मास्तर मात्र परतीच्या एसटीत कागदावर आकडे मांडत होते. त्यांना कळलं होतं की आमची पेटी विजेच्या मर्जीवर आहे. वीज चढली तर सूर चढणार, उतरली तर उतरणार.

त्याच सुमारास अक्काचा घसा धरू लागला. तंबाखूची धूळ आयुष्यभर नाकातोंडात गेलेली. डॉक्टरांनी सांगितलं, खालच्या आवाजात गायला हरकत नाही. वर ताणलंत तर आवाज कायमचा जाईल. अक्कानं ते आम्हा तिघांना सांगितलं आणि म्हणाली, "परवालेदू, काही हरकत नाही. वर कुणाला जायचंय?"

मग एका संस्थेनं आमचा हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. मांडव नाही, देखावा नाही, फक्त काजळी पार्टी. तिकीट लावून. त्यासाठी मोठा अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याला नि पेटीला मिळून एकच मोठा ट्रान्सफॉर्मर. मास्तर म्हणाले, "इस बार तीन टॅपिंग निकाल. एकशे नब्बे, दोसौ दस, दोसौ तीस. जैसी बिजली, वैसा खटका फिराएंगे. सूर हिलना नै मंगता."

टॅपिंग म्हणजे गुंडाळताना ठरलेल्या वेढ्यावर थांबायचं, तारेचा लेप खरवडायचा, तिथं एक जाड तार कथिलाचा डाग देऊन बाहेर काढायची आणि पुढं गुंडाळत राहायचं. बाहेर आलेल्या तिन्ही तारा खटक्याला जोडल्या की वीज चढली तरी पेटीला पोचते तेवढीच पोचते. एकशे नव्वदचे वेढे आधी येतात, चढत्या विजेचे त्यावर. मी एकशे नव्वदपर्यंत आले, टॅपिंगसाठी तार खरवडली, आणि तार तुटली. सगळं उलगडून परत घातलं. परत त्याच जागी तुटली. लेप खरवडताना ब्लेड जरा जास्त लागत होतं, एवढंच. पण त्या जाडीच्या तारेचं पुण्याहून आणलेलं ते शेवटचं रीळ होतं. तिसऱ्यांदा तुटली असती तर पुन्हा गुंडाळायला तार पुरली नसती, आणि कार्यक्रम चार दिवसांवर.

तार टूटी, बोल. एवढंच करायचं होतं. मी बोलले नाही. मी एकशे नव्वदला शेवट करून टाकला. वर नुसता कागद गुंडाळून जाडी केली आणि त्या कागदात दोन जाड तारांची टोकं खोचून दिली. बाहेरून तीन तारा दिसत होत्या. आतून दोन आंधळ्या. मनाला सांगितलं, मीटर कायम एकशे नव्वदच दाखवतो. आपण दोन वर्षं रोज बघतोय. त्या दोन तारा लागणार कुणाला?

मास्तरांनी विचारलं, "निकाले तीनों?"

"हो मास्तर."

कार्यक्रम मागांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवला होता, म्हणजे कामगार मोकळे असतील. दुपारी चारचा. अंधार व्हावा म्हणून भागवतरावांनी हॉलच्या खिडक्यांना जाड चादरी बांधल्या. मी घरातून निघाले तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गल्लीत स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येत होता. पण माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही कधी वाजवलंच नव्हतं. माग बंद असले की त्यांची वीज उरते आणि सगळ्या शहराची चढते, हे मीटरवर बसणाऱ्या मला कळायला हवं होतं.

हॉलमध्ये मास्तरांनी पेटी सुरू केली आणि पहिली पट्टी दाबली. सूर आला तो अडीच-तीन पट्ट्या वरचा. भागवतराव चपापून म्हणाले, "ही कुनाची पेटी आनली?" मी मीटर बघितला. दोनशे तीसच्याही वर. मास्तर शांत होते. "इसी के वास्ते तो टॅपिंग निकाले," म्हणत त्यांनी खटका तिसऱ्या खुणेवर फिरवला.

पंचवीसही दिवे विझले. दुसऱ्या खुणेवर फिरवला. अंधार. पहिल्यावर आणला, दिवे लागले, सूर तसाच वर.

"खटका मर्या," मास्तर म्हणाले. पेटीचे पंचवीस सूर एकेक करून उतरवायचे तर तीन तास लागले असते. पडद्यापलीकडं लोक येऊन बसत होते. मास्तरांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. "दस मिनट. खोलके सीधा जोडता मैं."

खोलली असती तर त्यांना दिसलं असतं. मी पेटीमागं उभी होते. मला एसटी दिसत होती, आणि चुलते.

अक्का माझ्याशेजारी आली. "ए पिल्ला. तोंड का असं झालंय?"

"अक्का," मी म्हटलं, "त्या दोन तारा कुठंच जोडलेल्या नाहीत. तार तुटत होती. मी मास्तरांना खोटं सांगितलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही. आईचं एसटीपाशीचं बोलणं मी तिला मागंच सांगितलं होतं; नुसतं विचारलं, "आता काढलं तर गावी जावं लागेल?"

मी मान हलवली.

ती सरळ मास्तरांकडं गेली. "मास्तर, पेटी खोलू नका. मी वर गाते."

"पागल हुई क्या? डाक्टर क्या बोल्या?"

"डॉक्टर गातो का मी गाते? रोज काय खालीच रडायचं? एवढे लोक आलेत. आज मला वरच गायचंय. तुम्ही खोललंत तर मी घरी चालले."

मास्तरांनी तिला असं हट्टानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी गोंधळून स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. मी तेव्हाही बोलू शकत होते. पडदा उघडायला दोन मिनिटं होती, आणि दोन मिनिटं फार असतात. मी मीटर बघत राहिले.

पहिलं गाणं तिनं निभावलं. दुसऱ्याला आवाज चिरू लागला. माझा ट्रान्सफॉर्मर तापून वार्निशचा वास यायला लागला होता आणि तिकडं अक्काच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या होत्या. चूल थंड झाली त्या दिवशी तिसरं ठेवलं होतं; त्यात सावली आत येऊ दे या शब्दांवर तिचा आवाज फाटला. फाटलेल्या आवाजातच तिनं ती ओळ चार वेळा म्हटली, शेवटची तर नुसत्या श्वासात. दिवे विझले. मग माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. त्यांना वाटलं, गाणंच तसं आहे. आमचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम तोच. त्यानंतर कार्यक्रम झाला नाही.

पडद्यामागं भागवतराव तिच्यावर तुटून पडले. त्यांचा जीव पार्टीवर होता, आणि अक्कावरही होता. "तुमाला कुनी सांगितलं वं वर चडायला? मास्तर खोलत हुते की पेटी! मोटं स्टेज बगितलं आन हवा भरली डोक्यात. घसा घालवला तुमी, पार्टी घालवली!"

अक्कानं तोंड उघडलं, आवाज आला नाही. तिनं हातानंच, असू दे, अशी खूण केली. मास्तर पाठ करून तारा गुंडाळत होते. मी तिथंच होते.

आवाज परत आला नाही. बोलायची ती कुजबुजत. मास्तरांनी दोन दुसऱ्या बाया आणून बघितल्या, पण तळघरात तिसऱ्या दिवशी कुणी यायला तयार नव्हतं. भागवतराव अक्काशी बोलेनात, मग मास्तरांशी बोलेनात, पुढं अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात गेले. पेटी दुकानाच्या माळ्यावर चढली. अशी आमची पार्टी मोडली.

महिनाभरानं धीर करून मी अक्काकडं गेले. ती उंबऱ्यात विड्या वळत बसली होती. मी पायाशी बसून रडले. मास्तरांना सांगते म्हणाले. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही, बोटं चालूच. कुजबुजत म्हणाली, "सांगितलंस तर माझा आवाज येणार आहे का? उलट तुझं कामही जाईल. मग माझं गाणं फुकटच गेलं."

"पण का केलंत अक्का?"

"मला बाराव्या वर्षी दिली. नवऱ्याची आधीची बायको मेलेली, लेक माझ्या वयाची. तेव्हा कुणी म्हणालं नाही, थांबा, हिला ठेवून घ्या." मग माझ्याकडं न बघता, "रडतेस काय? तार नीट खरवडायला शिक."

शिकले. ब्लेड सोडलं, बारीक पॉलिशपेपरनं हळूहळू लेप काढायला लागले. पुढं पंधरा वर्षं मास्तरांकडं आणि नंतर नाशिकच्या कारखान्यात मी हजारो टॅपिंग काढली, त्यात एकही आंधळं निघालं नाही. नव्या मुली आल्या की मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायची, तार तुटली तर मला सांगा, मी चहा पाजणार नाही. त्यांना चहाचा संबंध कळायचा नाही. लग्नही झालं, माझ्या पसंतीनं, जरा उशिरा. चुलते अक्षता टाकायला आले होते.

मास्तरांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांनी सगळा दोष त्या खटक्याला दिला. त्या कंपनीचा खटका पुन्हा दुकानात येऊ दिला नाही. गिऱ्हाइकानं मागितला तर म्हणत, "वो नक्को. उसने हमारी रंगम्मा का गला खाया." मी समोर बसून वेढे मोजत असायची. मोजताना बोलायचं नसतं, ही किती सोय होती. मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी सोलापूरला एका लग्नात गेले होते. पंगतीत एक तरुण मुलगा जुन्या गोष्टी सांगत होता. म्हणाला, "आमच्या भागात म्हणे पूर्वी भुतांचा ऑर्केस्ट्रा होता. एका बाईच्या हट्टापायी बुडाला. मोठं स्टेज बघून वर चढायला गेली म्हणे." त्यानं हे आजोबांकडून ऐकलं होतं, आणि आजोबांनी भागवतरावांकडून. भागवतरावांना तरी काय बोलू? त्यांनी जे बघितलं तेच सांगितलं. मी तेव्हाही त्या मुलाला काही बोलले नाही. तिथून अक्काचं घर चार गल्ल्यांवर होतं, तिथंही गेले नाही. गाडीची वेळ झाली, असं स्वतःला सांगितलं.

अक्का अजून आहे, लेकीकडं, त्याच गल्लीत. मराठी तिला वाचता येत नाही, आणि आता ऐकूही कमी येतं असं कळलं. म्हणजे हे तिला वाचून दाखवायचं तर मोठ्यानं वाचावं लागणार. बरंच आहे, गल्लीलाही ऐकू जाईल. अंक छापून हातात आला की मी सोलापूरची गाडी धरणार आहे. दुपारच्या वेळी, सगळी दारं उघडी असतात तेव्हा, तिच्या उंबऱ्यात बसून पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. भागवतराव आता गावी वैरागलाच असतात, निरोप धाडून त्यांनाही बोलावणार आहे. ती हातानं थांबवील, मला माहीत आहे. थांबणार नाही. तुझा आवाज मी परत देऊ शकत नाही अक्का, पण तुझ्यावरचा तो बोल एक दिवस मी माझ्या तोंडानं उतरवीन, आणि तो दिवस मी आता फार लांबवणार नाही.